रूळ पूर्ण झाले, तरी रोलर कोस्टर सुरू व्हायला इतका उशीर का लागतो?

ओहायोकर

नमस्कार मंडळी.

मी गेली अकरा वर्षे ओहायोतील कोलंबस येथे राहतो. माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिला रोलर कोस्टरचे अक्षरशः वेड आहे. आमच्या घरापासून पाच तासांच्या अंतरावर असलेल्या एका पार्कने (नाव मुद्दाम लिहीत नाही) दीड वर्षापूर्वी नव्या कोस्टरची घोषणा केली. ऑक्टोबरात आम्ही तिथे गेलो, तेव्हा पाये भरून झाले होते आणि वाहनतळामागच्या पटांगणात रुळांचे निळे तुकडे ओळीने मांडून ठेवले होते. प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक होता. मुलीने कुंपणाच्या जाळीतून दिसतील तेवढे क्रमांक वहीत उतरवून घेतले आणि पुढचे कित्येक दिवस ती कोणता तुकडा कुठे बसणार याचे आराखडे काढत होती. जानेवारीत शेवटचा तुकडा बसला, कामगारांनी त्याच्यावर सह्या केल्या, छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि पार्कने मे महिन्याचा शेवटचा आठवडा जाहीर केला.

साताऱ्याहून माझी बहीण आणि भाचा सुट्टीत येणार होते, त्यांची विमानाची तिकिटे आम्ही याच तारखेच्या भरवशावर काढली. पुढे मेचा जून झाला आणि जूनचे ‘या उन्हाळ्यात’ झाले. आम्ही गेलो त्या दिवशी कोस्टरची गाडी फलाटावरच उभी होती आणि प्रवेशद्वारावर ‘लवकरच’ एवढाच फलक होता. भाच्याची शाळा जूनच्या मध्यावर उघडणार असल्याने तो तसाच परत गेला. रडला नाही, पण परतीच्या पाच तासांत एक शब्द बोलला नाही.

मला तक्रार करायची नाही, समजून घ्यायचे आहे. जानेवारीत रूळ पूर्ण झाल्यावर पुढचे सहा महिने तिथे नेमके काय चालते? आणि ज्या कोस्टरचे उद्घाटन पुन्हा पुन्हा पुढे ढकलले जाते, त्यात काही मुळातला दोष असतो, असे समजावे का? मुलीला त्यात बसवायचे आहे, म्हणून विचारतो.

फलाटावरून

ओहायोकर, तुमच्या भाच्याबद्दल वाचून वाईट वाटले. माझे शिक्षण पुण्यात झाले. गेली चौदा वर्षे मी नेदरलँड्समध्ये राहून राइड्सच्या नियंत्रण यंत्रणेचे काम करतो, म्हणजे शेवटचा तुकडा बसल्यानंतर जे सहा महिने तुम्हाला रिकामे वाटले, तेच आमच्या कामाचे दिवस असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

स्लॅब पडला म्हणून फ्लॅटचा ताबा मिळत नाही, हे आपल्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही. कोस्टरचेही तसेच आहे. रूळ आणि खांब हा नुसता सांगाडा असतो. तो उभा राहिला की आधी सर्वेक्षक येऊन प्रत्येक जोडाची जागा मोजतात, कारण गाडी वेगात असताना जोडावरचा लहानसा उंचसखलपणाही प्रवाशांच्या मानेला जाणवतो आणि चाकांना त्याहून अधिक. त्यानंतर प्रत्येक बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळून त्याच्यावर रंगाची रेघ ओढतात, म्हणजे पुढे तो जराही फिरला तर तपासणाऱ्याच्या नजरेला लगेच येईल. शिड्या, जिने, केबलच्या वाटा, दाबाच्या हवेचे नळ, ब्रेक, विजेची पॅनेल ही सगळी कामे यानंतरची आहेत, आणि ती कुंपणाबाहेरून दिसत नाहीत.

मग आमची पाळी येते. मुंबईच्या लोकलची सिग्नल यंत्रणा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन कळेल. कोस्टरचा मार्ग ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याची खात्री पटेपर्यंत मागची गाडी चढावाच्या साखळीवर किंवा ब्रेकमध्ये रोखून धरली जाते. ही खात्री रुळालगतचे सेन्सर देतात. आता यंत्रणा नीट चालते हे दाखवणे सोपे असते. ती बिघडली तरी सुरक्षितपणेच बिघडेल, हे सिद्ध करणे फार वेळखाऊ असते. त्यासाठी आम्ही प्रत्येक सेन्सरची तार एकेक करून मुद्दाम काढतो, वीज तोडतो, हवेचा दाब सोडून देतो, आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथेच थांबते का हे पाहून नोंद करतो. एका ठिकाणी उत्तर चुकले की दुरुस्ती करायची आणि तिच्याशी संबंधित सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या.

एक अनुभव सांगतो. एका पार्कमध्ये (तेही नाव राहू द्या) पहाटे पाच ते सकाळी अकरापर्यंत आमच्या चाचण्या निर्दोष होत. दुपारी दोनच्या सुमारास मात्र गाडी मधल्या ब्रेकवर येऊन थांबे आणि पॅनेलवर दोषाचा दिवा लागे. तीन दिवस आम्ही प्रोग्राम वाचत बसलो. चौथ्या दिवशी दुपारी आमच्यातला एक वयस्क फिटर सेन्सरजवळ गुडघे टेकून बसला आणि पत्र्याच्या मोजपट्ट्यांनी फट मोजू लागला. सकाळच्या मापात आणि त्या मापात दोन मिलिमीटरचा फरक निघाला. दुपारच्या उन्हाने पोलाद प्रसरण पावत होते, आणि सेन्सर ज्या पट्टीवर बसवला होता ती पट्टी एका बाजूला सरकत होती. नवी पट्टी बनवून घेतली, तशाच इतर सर्व पट्ट्या बदलल्या, चाचण्या पुन्हा घेतल्या, आणि उद्घाटन बारा दिवस पुढे गेले. बाहेर फलकावर एकच शब्द होता: ‘लवकरच’.

गाडी प्रथम पूर्ण फेरी मारते तेव्हा ती रिकामी असते. त्याआधी गाडीभोवती माणसांचे हातपाय जितके बाहेर येऊ शकतात तेवढ्या आकाराची चौकट बसवून ती पूर्ण मार्गावरून हळूहळू ओढत नेतात आणि कुठे खांबाला, झाडाला किंवा जिन्याच्या कठड्याला लागत नाही ना, हे पाहतात. पहिल्या फेरीत चाके नवी, बेअरिंग घट्ट आणि वंगण थंड असल्याने गाडी कधीकधी मधल्याच खोलगट भागात अडकते. तसे झाले की क्रेन आणून ती काढावी लागते. पुढे पाण्याने भरलेल्या बाहुल्या बसवून फेऱ्या होतात: सगळी गाडी भरलेली, अर्धी भरलेली, फक्त पुढचे डबे भरलेले, फक्त मागचे. थंडीत, उन्हात, पावसात. अशा शेकडो फेऱ्या होतात आणि प्रत्येकीत वेग व शरीरावर येणारा भार यांची गणिताशी तुलना केली जाते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, उद्घाटनापूर्वीचा उशीर हे दोषाचे लक्षण मानू नये. दोष सापडत आहेत, हे चाचणी मनापासून होत असल्याचे लक्षण आहे. मी स्वतःच्या मुलाला अशा कोस्टरमध्ये निःशंकपणे बसवीन.

पायाभरणी

‘फलाटावरून’ यांनी उत्तम लिहिले आहे. पण मी ठाण्याची स्थापत्य अभियंता असल्याने मला राहवत नाही. उशीर शेवटच्या तुकड्यानंतरच होतो, असे वाचकांना वाटायला नको. तो पहिल्या तुकड्याच्या आधीही होतो, आणि माझ्या मते मोठा उशीर बहुधा तिथलाच असतो.

पश्चिम भारतातील एका पार्कच्या राइडच्या पायांचे काम मी तरुणपणी केले आहे. खांबाच्या तळाशी जे अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये पुरलेले असतात, त्यांच्या जागेत काही मिलिमीटरपेक्षा जास्त चूक चालत नाही, कारण खांब कारखान्यातून भोके पाडूनच आलेला असतो. आम्ही बोल्टसाठी पोलादी साचा बसवला, सळया बांधल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट ओतायचे ठरले, आणि रात्री अवेळी पाऊस आला. सकाळी पाहिले तर खड्ड्यात कमरेइतके पाणी, आणि कडेची माती ढासळल्यामुळे साचा तिरका झालेला. पाणी उपसून, सळया धुऊन, साचा नव्याने बसवण्यात आठ दिवस गेले, आणि असे खड्डे तिथे पन्नासच्या वर होते. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधला नायट्रो पाहते तेव्हा माझे लक्ष त्याच्या चाळीस मीटर उंचीपेक्षा खांबांच्या तळाकडे आधी जाते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसाळ्यात बांधकामाचे महिने किती हातचे जातात, हे तिथे काम केलेल्यालाच कळते.

दुसरे असे की, सगळ्या उशिरांना आपण एकच नाव देतो, त्याने घोटाळा होतो. वंडरलाचे चेन्नईचे पार्क पाहा. तिरुपोरूरजवळची जमीन कंपनीने कित्येक वर्षे आधी घेऊन ठेवली होती, पण स्थानिक करमणूक कराच्या प्रश्नामुळे बांधकामच सुरू होत नव्हते. त्या करातून सवलत मिळाल्यावर काम मार्गी लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पार्क उघडले. तिथला तंजोरा हा रुळाखाली लटकत जाणारा कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबिलार्डने बनवला आहे, त्यांचाच नायट्रोही आहे. त्या दिरंगाईत अभियंत्यांचा काहीच संबंध नव्हता. अमेरिकेत फ्लोरिडातील टँपा येथील बुश गार्डन्सचा आयर्न ग्वाझी २०२० च्या वसंतात सुरू व्हायचा होता, तो मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. व्हर्जिनियातील बुश गार्डन्सच्या पँथिऑनचेही तेच झाले. दोन्ही ठिकाणी अडथळा महासाथीचा आणि तिने ओढवलेल्या आर्थिक ओढाताणीचा होता. आणि सौदी अरेबियातील किदिया येथील फाल्कन्स फ्लाइटची गोष्ट आणखी वेगळी. २०१९ मध्ये पार्कची घोषणा झाली तेव्हा २०२३ साल सांगितले होते. उद्घाटन २०२५ सालच्या अखेरीस झाले. चार किलोमीटरहून लांब रूळ, ताशी २५० किलोमीटर वेग, तोही वाळवंटातल्या कड्यावरून. असे काम पूर्वी कुणी केलेलेच नव्हते, मग पहिली तारीख कशाच्या आधारावर दिली होती?

माझा राग आहे तो इथे. कर, पैसा, पाऊस, चाचणी, यांतले कारण कोणतेही असो, पार्क ‘लवकरच’ म्हणून मोकळे होते. ‘उन्हाच्या तापाने सेन्सरची फट बदलते आहे, दोन आठवडे लागतील’ असे एक वाक्य लिहिले असते, तर ओहायोकरांच्या बहिणीने तिकिटे पुढे ढकलली असती. सामान्य माणसाला हे समजत नाही, असे धरून चालणे मला पटत नाही. वहीत रुळांचे क्रमांक उतरवून घेणाऱ्या मुलीला तर नक्कीच समजले असते.

फलाटावरून

ताई, पायांच्या बाबतीत तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. कारण जाहीर करण्याबाबत एक अडचण मात्र नोंदवतो. आमच्या त्या बारा दिवसांतले पहिले तीन दिवस आम्हालाच कारण माहीत नव्हते. त्या तीन दिवसांत पार्कने काय लिहायला हवे होते?

पायाभरणी

‘चाचणीत एक दोष आढळला आहे, कारण शोधत आहोत, सापडेपर्यंत तारीख देणार नाही.’ एवढेच. खरे असलेले वाक्य लहान असले तरी चालते.

मध्य इंग्लंड

मी बर्मिंगहॅमला राहते आणि दोन्ही मुलांना घेऊन इथली बहुतेक पार्क पाहिली आहेत. वरच्या चर्चेत एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण इथल्या लोकांच्या मनातून ती अजून गेलेली नाही.

स्टॅफर्डशायरमधील ऑल्टन टॉवर्सचा स्माइलर हा कोस्टर मार्च २०१३ मध्ये सुरू व्हायचा होता. तारीख पुढे जात जात तो ३१ मे रोजी सुरू झाला. प्रवाशांना चौदा वेळा उलटे फिरवणारा तो जगातला पहिलाच. त्या उशिराची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. पण खरा अपघात झाला तो दोन वर्षांनी, २ जून २०१५ रोजी, आणि त्याचे कारण वाचल्यावर उशिराकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

त्या दिवशी एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली होती, ती मार्गात अडकून राहिली. मागून सोळा प्रवाशांची गाडी येत होती. ‘फलाटावरून’ यांनी सांगितलेल्या ब्लॉकच्या यंत्रणेने आपले काम चोख केले आणि ती गाडी चढावावर रोखून धरली. परंतु पुढची गाडी अडकली आहे हे तिथल्या अभियंत्यांच्या ध्यानात आले नाही. यंत्रणाच चुकीचा इशारा देत आहे असे समजून त्यांनी तो बाजूला सारला आणि गाडी पुढे सोडली. पाच जण गंभीर जखमी झाले; दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. २०१६ मध्ये न्यायालयाने पार्कच्या मालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला. अशा प्रसंगी काय करायचे याची नीट कार्यपद्धतीच अभियंत्यांना दिलेली नव्हती, म्हणून ठपका त्यांच्यावर न येता कंपनीवर आला. रांगा लागलेल्या असताना, लोक वाट पाहत असताना गाडी थांबवून ठेवणे हे किती अवघड असते आणि किती आवश्यक, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही.

थॉर्प पार्कचा हायपेरिया २४ मे २०२४ रोजी सुरू झाला. ७२ मीटर उंचीचा, देशातला सर्वांत उंच कोस्टर. सुरू होताच तो बंद करावा लागला आणि काही दिवसांनी पुन्हा उघडला. तेव्हा अनेकांनी पार्कला नावे ठेवली. माझ्या धाकट्याचाही विरस झाला. मी त्याला स्माइलरची सगळी हकिगत सांगितली; तो दहा वर्षांचा आहे, पण त्याला ते पटले.

ओहायोकर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मुलीला सगळे वाचून दाखवले. पोलाद उन्हात वाढते आणि त्याने गाडी थांबते, हे तिला इतके आवडले की तिने शाळेच्या प्रकल्पासाठी तोच विषय घेतला आहे.

भाचा येत्या मे महिन्यात पुन्हा येणार आहे. या वेळी त्याला सँडस्कीच्या सीडर पॉइंटमधला टॉप थ्रिल २ हवा आहे. तो सुरू होऊनही बंद पडला होता, एवढे ऐकून आहे. त्याबद्दल कुणी सांगाल का?

फलाटावरून

त्याची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. तिथे २००३ मध्ये टॉप थ्रिल ड्रॅगस्टर सुरू झाला. उंची ४२० फूट, म्हणजे १२८ मीटर, आणि चारेक सेकंदांत ताशी १९३ किलोमीटर वेग. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने जाड दोर गुंडाळून गाडी खेचली जाई. हे यंत्र जितके थरारक तितकेच नाजूक, आणि त्याच्या देखभालीत माणसे थकून जात. ऑगस्ट २०२१ मध्ये धावत्या गाडीचा एक धातूचा तुकडा सुटून रांगेतल्या एका महिलेला लागला आणि ती गंभीर जखमी झाली. त्यानंतर ती राइड त्या स्वरूपात पुन्हा उघडलीच नाही. (ओहायोत राइड्सची तपासणी राज्याच्या कृषी विभागाकडे असते. तुम्ही तिथलेच, तुम्हाला माहीत असेल. इतरांना नवल वाटेल म्हणून लिहितो.)

नव्या रूपाचे काम इटलीच्या झँपेर्ला कंपनीकडे गेले. जुना मनोरा राहिला, दोराऐवजी विद्युतचुंबकीय मोटर आल्या, आणि मागच्या बाजूला ४२० फुटांचाच दुसरा उभा मनोरा आला. आता गाडी आधी पुढे जाते, मग उलटी मागच्या मनोऱ्यावर चढते आणि तिथून पुन्हा पुढे येऊन जुना मनोरा ओलांडते. ४ मे २०२४ रोजी ती सुरू झाली आणि जेमतेम आठवडाभरात बंद झाली. गाड्यांमध्ये यांत्रिक बदल करण्यासाठी उत्पादकाला वेळ हवा आहे, असे पार्कने सांगितले. तो सगळा हंगाम राइड बंद राहिली आणि २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाली.

पूर्ण उन्हाळा राइड बंद ठेवणे म्हणजे पार्कला त्या वर्षीच्या सगळ्या जाहिरातीवर पाणी सोडावे लागते. तरी त्यांनी ती बंद ठेवली, याबद्दल मला आदर आहे. न्यू जर्सीतला किंगडा का हा त्याचाच ४५६ फुटांचा मोठा भाऊ. त्याच्याही नशिबी तेच दोराचे यंत्र होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरुंग लावून पाडला. त्या पिढीतल्या एका राइडला नवे आयुष्य मिळाले, हे माझ्यासारख्याला फार मोलाचे वाटते.

भाच्यासाठी सांगायचे तर मेमधला पहिला आठवडा टाळा. हंगामाच्या आरंभी लेक ईरीवरून थंड वारा येतो, आणि इतक्या उंच राइड्स वाऱ्यात बंद ठेवतात. एकाच दिवसाचे तिकीट काढू नका. दोन दिवस हाती ठेवा आणि पहिल्या दिवशी ती चालू दिसली की दुसरीकडे न जाता आधी तिच्याच रांगेत उभे राहा.

ओहायोकर

दोन दिवसांचेच तिकीट काढतो. आणि एक सांगायचे राहिले. परवा आम्ही पुन्हा त्या निळ्या कोस्टरच्या रस्त्याने गेलो. गाडी धावत होती, पण पुढच्या तीन डब्यांतच माणसांसारखे काहीतरी बसलेले होते आणि मागचे डबे मोकळे होते. मुलगी गाडीतून ओरडली, “बाबा, फक्त पुढचे डबे भरलेत!” तुमच्या लिखाणावरून ती म्हणते, अजून निदान तीन प्रकारच्या फेऱ्या बाकी असतील. बरोबर आहे का?

फलाटावरून

अगदी बरोबर. त्या पाण्याच्या बाहुल्या होत्या. तिला सांगा, जेव्हा त्या जागी पार्कचे गणवेशातले कर्मचारी बसलेले दिसतील, तेव्हा भाच्याला फोन करायचा.